दोन टेपरेकॉर्डर आणि धाकट्याचा डीजे

आमच्या घरी दोन टेपरेकॉर्डर होते. एक अब्बांचा, नात आणि कव्वाली ऐकण्यासाठी. दुसरा मामूंनी आखातातून आणलेला, डबल कॅसेटचा. अब्बा मिरचीच्या मोंढ्यातून परतेपर्यंत दोन्हींवर आम्हा दोघा भावांचा ताबा असे.

धर्माबाद हद्दीवरचं गाव, त्यामुळे बाजारात हिंदीबरोबर तेलुगू कॅसेटही मिळत. 1994 सालच्या रहमानच्या 'कादलन'ची गाणी आमच्याकडे आधी तेलुगू 'प्रेमिकुडु'मधून आली, 'हमसे है मुकाबला' नंतर. बाबा सहगलचं 'ठंडा ठंडा पानी' तर त्याआधीच तोंडपाठ होतं. असं बोलत बोलत गाण्याला रॅप म्हणतात, हे मात्र ठाऊक नव्हतं. आम्हाला आवडायचा तो मधला तुकडा, जिथे गाणारा थांबतो आणि नुसता ठेका वाजतो. तो लवकर संपायचा. मग आम्ही कॅसेटची नक्कल केली. एका टेपवर ठेका संपत आला की दुसऱ्यावर तोच सुरू करायचा, तोवर पहिली कॅसेट मागे घ्यायची. शंभरदा चुकायचं.

पुढे वाचनात आलं की न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्कने हेच दोन रेकॉर्डवर केलं होतं. जमैकाहून आलेला हा मुलगा तेव्हा अठरा वर्षांचा होता. शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून त्याच्या बहिणीने 11 ऑगस्ट 1973 रोजी तिकीट लावून एक पार्टी ठेवली. हिपहॉपचा जन्म त्या पार्टीत झाला असं मानतात. नाचणारे कोणत्या तुकड्याची वाट बघतात, हे हर्कने हेरलं होतं. डीजेचं मूळ काम ते, समोरच्यांकडे लक्ष ठेवण्याचं.

आमचा धाकटा डीजे झाला तेव्हा आपल्याकडे या शब्दाचा अर्थ टेम्पोवर रचलेले बॉक्स एवढाच उरला होता. अब्बांना कव्वाली चालत असे, हा भाड्याचा गोंगाट नाही. कित्येक महिने दोघे एका दस्तरखानावर बसले नाहीत. अम्मी मध्ये पडायची, कारण घरखर्चाला त्याचे पैसे लागत.

एका वरातीत पत्र्याची छपरं थरथरू लागली. नवरीच्या नानी छातीवर हात ठेवून खाली बसल्या. धाकट्याने आवाज कमी केला, तर नवऱ्याच्या मित्रांनी पैसे कापण्याची धमकी दिली. त्याने पुन्हा वाढवला. खरं सांगायचं तर आम्हीही तिथेच होतो आणि गप्प बसलो. नानी सावरल्या, पण त्यांच्या घरी आम्ही आजही नजर वर करत नाही.

त्याच्या कानात रात्रभर शिट्टी वाजू लागली तेव्हा नांदेडला डॉक्टरांकडे गेलो. 85 डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसतो, 100 चा जेमतेम पंधरा मिनिटं, हे तिथे कळलं. आपल्या वस्तीसाठी कायद्याची मर्यादा तर दिवसा 55, रात्री 45 आहे. डावा कान गेला तो गेलाच.

त्याने बेसचे बॉक्स विकले. आता हॉलमधल्या छोट्या ऑर्डरी घेतो, कमाई निम्म्यावर आली आहे. परवा भाचीच्या वलीम्यात त्याने दोनच बॉक्स लावले होते. इशाच्या आधी त्याने आपणहून मशीन बंद केलं. अब्बा त्याला जेवायला बोलवायला उठले आणि वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेले.