विश्लेषण : घरी बिअर बनवण्याचे किट मोबाइलवर मागवता येते, मग ते वापरणे गुन्हा कसा?

माल्टच्या अर्काचा डबा, यीस्टची पुडी, हॉप्सच्या वाळक्या गोळ्या, झाकणाला नळी लावलेले पिंप आणि बाटलीला बूच बसवायचे हातयंत्र. घरी बिअर बनवण्याचे असे साहित्य मोबाइलवर शोधले की लगेच दिसते आणि त्यातल्या बऱ्याच वस्तू भारतात घरपोच मिळतात. शहादा तालुक्यातील प्रकाशा हे तापीकाठचे तीर्थक्षेत्र, पण कुरिअर तिथेही पोहोचते. अडचण पार्सल आल्यानंतरची आहे. बिअर करायची म्हणून हे साहित्य मांडले की महाराष्ट्र दारूबंदी कायदा लागू होतो. सातपुड्यात मोहाचा सडवा पकडला की जे कलम लागते, तेच या चकचकीत खोक्यालाही लागते.

किटमध्ये नेमके काय असते?

मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा गोड काढा आंबवला की बिअर होते. बार्ली भरडून ठरावीक तापमानाच्या पाण्यात मुरवणे हे यातले सर्वांत किचकट काम, आणि किट नेमके तेच वाचवते. कारखान्यात हा काढा आधीच आटवून काकवीसारखा घट्ट केलेला असतो. परदेशात खपणाऱ्या नेहमीच्या किटमध्ये 1.7 किलोचा डबा असतो. त्यात साखर आणि पाणी मिसळले की साधारण 23 लिटर बिअर होते. हॉप्सचा कडवटपणा बहुतेक वेळा डब्यातच उतरवलेला असतो.

काढा गार झाला की यीस्ट टाकून झाकण लावायचे. यीस्ट साखर खाते आणि त्यातून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. झाकणावरच्या पाणी भरलेल्या नळीतून हा वायू बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत येत नाही. आठवड्या-दहा दिवसांत बुडबुडे थांबतात. तेवढ्यावरून काम झाले असे समजणे चुकीचे. खरे उत्तर घनतामापक देतो. सुरुवातीची घनता 1.040 आणि शेवटची 1.010 असेल, तर फरकाला साधारण 131 ने गुणायचे. अल्कोहोल सुमारे 3.9 टक्के निघते. लागोपाठ दोन-तीन दिवस आकडा हलला नाही, तरच बाटल्या भरायच्या. फेसासाठी बाटलीत लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम साखर घालतात. आधीची साखर शिल्लक असताना बूच लावले तर आत वायूचा दाब वाढत जातो आणि बाटली फुटते. घरगुती बिअरमधला सर्वांत मोठा धोका हाच, उडणाऱ्या काचेचा.

नंदुरबारच्या उन्हाळ्यात हे जमेल का?

एल प्रकारच्या बिअरचे यीस्ट 18 ते 22 अंशांत चांगले काम करते. तापीच्या खोऱ्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो. त्यात आंबवण स्वतःच उष्णता सोडते, त्यामुळे पिंपाच्या आत खोलीपेक्षा काही अंश जास्तच गरम असते. अशा वेळी यीस्ट नको ती रसायने तयार करते आणि बिअरला थिनरसारखा वास व जळजळीत चव येते. पिंपाला ओले गोणपाट गुंडाळून काही अंश उतरतील, वीस अंश गाठले जाणार नाहीत. नॉर्वेतील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ‘क्वाइक’ नावाचे यीस्ट पस्तीस अंशांच्या पुढेही तग धरते, म्हणून गरम प्रदेशांतील हौशी लोक ते वापरतात. नेहमीच्या किटमधली पुडी मात्र बहुधा साध्या एल यीस्टचीच असते.

अशी बिअर विषारी होते का, ही भीती अनेकांना असते. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले, ते मिथेनॉलमुळे. बार्ली आंबवून केलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असते. स्वच्छता पाळली नाही तर बिअर आंबट होऊन फेकावी लागते, पण तिने मालवणीसारखे बळी जात नाहीत. तेव्हा कायद्याची अडचण विषाची नाही.

मग कायदा काय म्हणतो?

हा कायदा 1949 चा, मूळ मुंबई राज्याचा. त्यातील ‘दारू’च्या व्याख्येत स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेला कोणताही द्रव येतो. कलम 12 नुसार परवान्याशिवाय दारू तयार करता येत नाही. कलम 65 (फ) त्याच्याही पुढे जाते. ताडी सोडून कोणताही मादक पदार्थ बनवण्याच्या उद्देशाने साहित्य, भांडी किंवा उपकरणे बाळगणे हाही गुन्हा आहे. तुरुंगवास आणि दंड अशी दोन्ही शिक्षा त्यात आहे. स्वतःपुरते इतके लिटर चालेल, अशी सवलत नाही.

कळीचा शब्द आहे ‘उद्देश’. माल्टचा अर्क बेकरीतही लागतो, घनतामापक प्रयोगशाळेत असतो, पिंप तर घरोघरी. सुटी वस्तू विकणारा आणि घेणारा त्यामुळे निर्धास्त असतात. बुडबुडे येणाऱ्या पिंपाशेजारी हे सगळे सापडले, तर उद्देश वेगळा सिद्ध करायची गरज फारशी उरत नाही. मद्यसेवनाचा परवाना खिशात असला तरी उपयोग नाही. तो विकत घेण्यापुरता, बाळगण्यापुरता आणि पिण्यापुरता असतो (बिअरसाठी वय किमान 21 हवे). बनवण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

प्रकाशाहून तापीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की कुकरमुंडा, निझरचा गुजरात लागतो. 1960 मध्ये राज्ये वेगळी झाली तेव्हा हाच कायदा दोघांच्या वाट्याला आला. गुजरातने त्यावर पूर्ण दारूबंदी चालवली, महाराष्ट्राने परवान्यांची पद्धत आणली. घरी बनवायला मनाई मात्र नदीच्या दोन्ही अंगांना आहे.

याच जिल्ह्यात अक्कलकुवा, धडगावकडे मोहाची दारू पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि देवाला तिची धारही पडते. तिथे मडके, इथे छापील लेबलचे पिंप. आंबवण्याचे रसायनशास्त्र सारखेच, फक्त मोहात पुढे भट्टी लावून ऊर्ध्वपातन होते. छाप्यांच्या बातम्या येतात त्या मडक्यांच्या आणि रसायनाच्या, किटच्या क्वचितच. शेजारच्या मध्य प्रदेशाने 2021 मध्ये आदिवासींच्या मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दर्जा देऊन विक्रीची वाट काढायचे ठरवले.

परदेशातील नातेवाईक तर घरीच बनवतात!

बनवतात, कारण तिथे मुभा आहे. ब्रिटनने 1963 मध्ये घरगुती बिअरला परवान्यातून सूट दिली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी 1978 मध्ये कायद्यावर सही केली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर 200 गॅलन, म्हणजे जवळपास 757 लिटर. विकायला मात्र बंदी. तरीही मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांना मान्यता द्यायला 2013 उजाडले. न्यू जर्सीतल्या भावाचा व्हिडीओ बघून शहाद्यात पिंप मांडणाऱ्याने हा फरक आधी लक्षात घ्यावा.

शिकायचेच असेल तर?

महाराष्ट्रात ताजी बिअर गाळण्याचा कायदेशीर मार्ग मायक्रोब्रुअरीच्या परवान्यातून जातो. पुण्यात 2009 मध्ये ‘डूलाली’ त्याच मार्गाने सुरू झाली. हौसेसाठी हा खर्च कुणी करणार नाही, हे उघड आहे. ज्यांना आंबवण्याच्या शास्त्रातच रस आहे, त्यांच्यासाठी पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते. शहाद्याच्या ऊसपट्ट्यातील विज्ञान पदवीधरांना ती वाट परकी वाटू नये.

आणि किट आधीच मागवून झाले असेल, तर हॉप्स न घातलेला माल्टचा अर्क पावाच्या पिठात चालतो. कवचाला छान रंग येतो. डब्यावरची मुदत तेवढी बघून घ्यावी.