मसुदा आणि पंचनामा

वऱ्हाडच्या सरकारी कारभाराची वाटणी नवख्या माणसास थोडी चमत्कारिक वाटेल. महसुली विभागाचे ठाणे अमरावतीस, आणि औषधांच्या दुकानांवर नजर ठेवणारे अन्न व औषध प्रशासनाचे विभागीय कार्यालयही तेथेच. परंतु सरकारी रुग्णालयांची देखरेख करणारे आरोग्य सेवेचे उपसंचालक अकोल्यास बसून अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ हे पाच जिल्हे सांभाळतात. म्हणजे मूर्तिजापूरच्या सरकारी दवाखान्यातील चिठ्ठी एका शहराच्या अखत्यारात लिहिली जाते, आणि त्या चिठ्ठीवर बाजारात मिळणारी बाटली दुसऱ्या शहराच्या देखरेखीखाली विकली जाते. आणि औषधांविषयीच्या ज्या नियमांचा आधार दोन्हीकडे घेतला जातो, ते करण्याचा अधिकार मात्र या दोहोंपैकी एकासही नाही.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालील नियम १९४५ चे, आणि दोन्ही केंद्राचे. नियमात फेरफार करावयाचा तर तज्ज्ञांच्या तांत्रिक सल्लागार मंडळाचा अभिप्राय घ्यावा लागतो, मसुदा राजपत्रात छापून हरकती व सूचना मागवाव्या लागतात, आणि त्यांचा विचार झाल्यावर अंतिम अधिसूचना निघते. राज्यांनी आपले म्हणणे मांडावे म्हणून निराळी सल्लागार समिती आहे. दुकानांचे परवाने, तपासणी व फिर्यादी यांचा भार मुख्यतः राज्यावर. या साऱ्या खटाटोपात धोरणाचे काम पाहणारा अधिकारी कोठेच दृष्टीस पडत नाही. त्याची सही परवान्यावर नसते, पंचनाम्यावर नसते. आपण आज योजलेले कलम उद्या कोणत्या दुकानात अडेल, कोणत्या निरीक्षकास पेचात टाकील आणि कोणत्या वकिलास पळवाट देईल, याचा अदमास घेत बसणे हेच त्याचे काम.

या नियमांच्या एच-१ परिशिष्टाचेच पाहा. प्रतिजैविके सर्रास खपू लागल्याने जंतू त्यांना दाद देईनासे झाले, या चिंतेतून ३० ऑगस्ट २०१३ रोजी अधिसूचना निघाली व १ मार्च २०१४ पासून तिचा अंमल सुरू झाला. ४६ औषधे वेगळी काढली गेली. त्यांच्या वेष्टनावर तांबड्या चौकटीत इशारा आला. आणि दुकानदाराने निराळ्या नोंदवहीत डॉक्टरचे नाव व पत्ता, रोग्याचे नाव, औषध व त्याचे परिमाण लिहून ती वही तीन वर्षे जपावी, असे ठरले. दिल्लीच्या दप्तरात हे सर्व निर्दोष आहे. परंतु मेळघाटातून परतवाड्यास उतरलेला एखादा माणूस गोळ्यांची रिकामी पट्टी पुढे करून ‘हीच द्या’ म्हणतो, तेव्हा हाती चिठ्ठी नसल्याने कायद्याचे उत्तर नकार एवढेच असते. आणि नकार घेऊन तो ज्याच्या दारी जाईल, त्याच्यापाशी वैद्यकाची पदवी असेलच असे नाही. ही अडचण निरीक्षकास ठाऊक असते, दुकानदारास तर त्याहून अधिक. पण तपासणीच्या शेऱ्यात ‘नोंदवही अपूर्ण’ एवढेच दोन शब्द उमटतात, आणि धोरण करणारापर्यंत पोचलेच तर तेवढेच पोचतात.

याउलट नमुना घेण्याची रीत पाहावी. ती मला या कायद्यातील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. दुकानातील नमुन्याचे निरीक्षक चार भाग करून मोहोरबंद करतो: एक दुकानदारास, एक शासकीय विश्लेषकास, एक न्यायालयासाठी आणि एक, दुकानदाराने ज्याच्याकडून औषध घेतले म्हणून सांगितले, त्यास. विश्लेषकाचा निष्कर्ष अमान्य असेल त्याने २८ दिवसांत तसे कळवावे. आरोपीच्या हातीही पुराव्याचा वाटा देणारे हे कलम ज्याने प्रथम लिहिले, त्याने न्यायालयाची पायरी नक्कीच पाहिली असावी.

नियम नाहीत म्हणून अनर्थ होतात, ही समजूत मात्र खोटी आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रोगी दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने याच अन्न व औषध प्रशासनाची लक्तरे चव्हाट्यावर आणली. पुढे २०२५ मध्ये वरूडपासून फार दूर नसलेल्या छिंदवाडा भागात तेच विष खोकल्याच्या औषधातून लेकरांच्या पोटात गेले. बाटली तमिळनाडूतील कारखान्याची होती, आणि ०.१ टक्क्याची मर्यादा असताना त्या द्रव्याचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. कच्चा माल तपासून घेण्याचा नियम दोन्ही वेळी कागदावर हजर होता. महेश झगडे राज्याच्या या प्रशासनाचे आयुक्त असताना दुकानात फार्मासिस्टच्या हजेरीचा आग्रह धरला गेला, तेव्हा राज्यभरचे दुकानदार खवळून उठले. नियम तेव्हाही जुनाच होता, नवी होती ती अंमलबजावणी.

म्हणून निरीक्षकाच्या दोन शब्दांच्या शेऱ्यामागची हकीकत वर चढण्याची वाट जोवर होत नाही, तोवर नवनव्या मसुद्यांनी फारसे साधणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. एक वाट कायद्यानेच मोकळी ठेवली आहे. राजपत्रात मसुदा आला की ठरलेल्या मुदतीत कोणीही हरकत कळवू शकतो. अकोल्याच्या औषध विक्रेत्यांनी, अमरावतीच्या डॉक्टरांनी आणि धारणी-चिखलदऱ्याच्या आरोग्यसेवकांनी ती कळवावी, मराठीत का होईना, पण घडलेल्या प्रसंगांनिशी कळवावी.