पहिली रायफल घेताना : पाटणच्या नवख्या नेमबाजांसाठी

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. तेव्हापासून ‘स्वस्तात बोल्टवाली रायफल कुठली घ्यावी?’ हा प्रश्न आपल्याकडेही निघतो.

त्या प्रकारात .२२ रायफल लागते. तिला परवाना हवा आणि रीतसर ५० मीटरची रेंजही. म्हणून माझं ठाम मत : सुरुवात १० मीटर एअर रायफलनेच करा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही.

ताकदीच्या आकड्यावर भाळू नका. इथे दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो! तिथे कामाला येतात सरळ बॅरल, हलका आणि दरवेळी सारखाच सुटणारा ट्रिगर, आणि खांद्याला-गालाला नीट बसणारा दस्ता. दुर्बिणीवर पैसे घालवू नका, या प्रकारच्या स्पर्धेत ती चालतच नाही. पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची साइट, चांगली घ्या. वाचलेल्या पैशांत दोन-तीन प्रकारचे चपट्या तोंडाचे छर्रे आणा आणि रायफल टेकवून प्रत्येकाचे गट काढून बघा, म्हणजे एकाच नेमावर मारलेले छर्रे किती जवळ-जवळ लागतात ते. एकाच बॅरलमधून एक छर्रा गट घट्ट धरतो, दुसरा पसरवतो.

नवीन मॅच (स्पर्धेची) एअर रायफल परवडत नसेल तर कोल्हापूरकडच्या क्लबांत वापरलेली मिळते का विचारा. घेण्याआधी तिच्या दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवरची मुदत मात्र वाचाच. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत बाद होतो आणि दाबाखाली धोक्याचाही असतो.