पवईची गणितसभा

आमच्या मुलुंडच्या घरांत गेल्या चातुर्मासांत एक वाद बरेच दिवस चालला होता. धाकट्या बंधूंची नात पवईच्या संस्थेंत एम्. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि पुढें बीजगणितांतच संशोधन करण्याचा मनोदय तिनें जेवणाच्या वेळीं बोलून दाखविला. आमचे वडील बंधू म्हणाले, "बीजगणितांत आतां शोधावयाचें काय उरलें आहे? भास्कराचार्यांनीं सर्व सांगून ठेविलें आहे. त्यांत आणखी पांच वर्षें घालवून मुलीनें मिळवावयाचें तरी काय?" आम्हीं पस्तीस वर्षें शाळेंत गणित व संस्कृत शिकविलें, म्हणून निवाड्याचें काम आमच्याकडे आलें. खरें सांगावयाचें तर उत्तर आम्हांसही ठाऊक नव्हतें. तेव्हां ती मुलगीच म्हणाली, "आजोबा, तुम्ही एकदां माझ्याबरोबर सेमिनारला चला."

मुलुंडहून कांजूरमार्ग हें तिसरें स्टेशन. तेथून रिक्षानें पवई. तलावाकांठची ही भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५८ सालीं स्थापन झाली व १० मार्च १९५९ रोजीं पंडित नेहरूंनीं तिची कोनशिला बसविली. तेथें केवळ यंत्रविद्या शिकवितात असा पुष्कळांचा समज आहे; परंतु शुद्ध गणिताचा विभागही तेथें आहे. ‘सेमिनार’ हा शब्द मूळ लॅटिन. रोपें वाढविण्याचा वाफा असा त्याचा अर्थ. कोंकणांत भाताचा तरवा करतात, तसाच हा विद्येचा तरवा म्हणावयाचा.

एक प्राध्यापक खडू घेऊन फळ्याशीं उभे राहिले. समोर वीस-पंचवीस मंडळी. कांहीं पांढऱ्या केसांचीं, कांहीं विशीचीं. विषय आम्हांस कळला नाहीं, हें वाचकांपासून कशाला लपवावें? पण जें कळलें तें सांगतों. दहा मिनिटें झालीं नाहींत तोंच एक विद्यार्थी हात वर करून म्हणाला, "ही पायरी मला समजली नाहीं." कोणी हंसलें नाहीं. प्राध्यापक थांबले, फळ्याकडे क्षणभर पाहिलें आणि म्हणाले, "खरें आहे. येथें मीं कांहीं गृहीत धरलें आहे. विचार करून सांगतों." थोड्या वेळानें पुढच्या बांकावरील एका वृद्ध अध्यापकांनींही आपल्याला समजलें नसल्याचें तितक्याच सहजपणें सांगितलें.

आमच्या न्यायशास्त्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठीं चालतो तो वाद, जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां केवळ दुसऱ्याचें खंडन करावयाचें ती वितंडा. यांतील पहिला प्रकार आम्हीं पुस्तकांतून शिकविला होता. डोळ्यांनीं पाहिला तो पवईस.

या प्रश्नोत्तरांची गरज काय, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. दोन अव्यक्तें घ्यावीं; भास्कराचार्य त्यांस यावत्तावत्, कालक अशीं नांवें देत. त्यांपासून दोन बहुपदी बनवाव्या. त्यांवरून कलनाच्या रीतीनें काढलेला एक विशिष्ट निर्धारक शून्येतर स्थिरांक आला, तर त्या बहुपदींवरून मूळ अव्यक्तें बहुपदींच्याच रूपानें परत मिळतात काय? हा प्रश्न केलर या जर्मन गणितज्ञानें १९३९ सालीं मांडला. उज्जैन येथें १९३० सालीं जन्मलेले श्रीराम अभ्यंकर यांनीं त्याचा आयुष्यभर पाठपुरावा केला. त्यांचे वडील गणिताचेच प्राध्यापक. मुंबईच्या विज्ञान संस्थेंत शिकून अभ्यंकर हार्वर्डला गेले व पुढें अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत अध्यापक झाले. पुण्यास १९७६ सालीं भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन करणारे तेच. २०१२ सालीं ते निवर्तले, तोंवर हा प्रश्न सुटला नव्हता. सुटल्याचे दावे अनेकांनीं केले. परंतु कोठें ना कोठें एखादी पायरी निसटलेली आढळली. आपली चूक आपणांस दिसत नाहीं. ती दिसावी म्हणून दुसऱ्याचे डोळे लागतात, आणि ते मोकळेपणीं बोलणारे असावे लागतात.

परततांना आम्हांस एक जुनी गोष्ट आठवून अस्वस्थ वाटूं लागलें. आठवीच्या वर्गांत एका मुलानें विचारलें होतें, "गुरुजी, ऋणाला ऋणानें गुणलें तर धन कां?" आम्ही म्हणालों, "नियम आहे. खालीं बस." त्या मुलानें वर्षभर पुन्हां हात वर केला नाहीं. गाडींत आम्हीं तोच प्रश्न नातीला घातला. ती म्हणाली, "आजोबा, एक आणि उणें एक यांची बेरीज शून्य. त्या बेरजेस उणें एकनें गुणलें, तरी उत्तर शून्यच हवें. आतां तुकडे पाडून गुणा. पहिला तुकडा उणें एक होतो. दोन्ही मिळून शून्य यावयाचें, तर दुसरा अधिक एकच असला पाहिजे." भांडुप येण्यापूर्वीं उत्तर झालें. एवढाच वेळ आम्हीं त्या मुलाला दिला नव्हता.

रात्रीं वडील बंधूंस सर्व वृत्तान्त सांगितला. संशोधकांस विद्यावेतन मिळतें. पुढें नोकरीची हमी मात्र कोणी देत नाहीं, हेंही लपविलें नाहीं. ते बराच वेळ गप्प होते. मग नातीला म्हणाले, "तो अभ्यंकरांचा प्रश्न पुन्हां सांग पाहूं. मला पहिल्या वेळीं कळला नाहीं." ती पाटी-पेन्सिल शोधावयास उठली, आणि घरांतील वाद तेथेंच मिटला.

वाचकांच्या घरींही अशीं मुलें असतील. त्यांचा विषय आपणांस कळलाच पाहिजे असें नाहीं. परंतु ‘कळलें नाहीं’ एवढें वडीलधाऱ्यांनीं प्रथम म्हणावें, म्हणजे मुलांसही तें म्हणण्याचा धीर येईल.