थोरला, मधला आणि शेंडेफळ

हाताची पाची बोटे सारखी नसतात. एका घरातली मुलेही तशीच. आई एक, बाप एक, चूल एक. तरी लोक म्हणतात, थोरला समजूतदार, मधला हट्टी, शेंडेफळ लाडोबा. हा स्वभाव जन्माच्या क्रमाने येतो काय?

ऑस्ट्रिया देशात आल्फ्रेड ॲडलर नावाचे डॉक्टर होऊन गेले (१८७०–१९३७). ते स्वतः आईबापांचे दुसरे मूल. त्यांनी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. ते सांगत, पहिले मूल म्हणजे घरचा राजा. मग पाळण्यात दुसरे येते आणि राजाची गादी जाते. आपल्याकडेही बघा. कालपर्यंत जो मांडीवर बसत होता, त्याला आई आज म्हणते, "सरक तिकडं. तू आता मोठा झालास." वय असते तीन वर्षांचे! मधले मूल थोरल्याला गाठायला धावते. शेंडेफळाची गादी मात्र कुणी घेत नाही.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आमच्या घरी अगदी असंच आहे." पण जरा थांबा. धाकटे मूल ऐतखाऊ निघते, असे म्हणतात ना? बाबासाहेब आंबेडकर हे आईबापांचे चौदावे अपत्य. त्यांचा अभ्यास साऱ्या जगाला ठाऊक आहे.

विद्वानांनीही हे मोजून पाहिले. २०१५ साली अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी येथील वीस हजारांहून अधिक माणसांची माहिती तपासली गेली. मोठेपणीच्या स्वभावात क्रमामुळे जवळजवळ फरक दिसला नाही. बुद्धीच्या चाचणीत थोरल्यांना किंचित जास्त गुण मिळाले, एवढेच.

ते तरी का? नॉर्वे देशात सैन्यभरतीच्या वेळी तरुणांची बुद्धी तपासतात. २००७ साली तेथील दोन लाखांवर तरुणांचे गुण पाहिले. ज्यांचे थोरले भावंड तान्हेपणीच वारले होते, त्या दुसऱ्या मुलांना थोरल्यांइतकेच गुण होते! म्हणजे बघा, जन्माचा क्रम दुसरा, पण घरात जागा थोरल्याची. फरक पडला तो जागेने.

आपल्या देशात ही जागा ताटातही दिसते. २०१७ सालच्या एका अभ्यासात आढळले, की भारतात मूल जितके मागचे, तितकी त्याची उंची कमी भरते. पहिल्या मुलग्याच्या ताटात जास्त पडते, मागच्यांना उरलेसुरले.

आणि थोरली जर मुलगी असली तर?

माझ्या वर्गात एक पोर होती. चौथीत पहिल्या बाकावर बसायची. घरी तान्हे भावंड आले. आई मजुरीला जाई, म्हणून ही घरी. कडेवर बाळ घेऊन ती शाळेच्या कुंपणाशी उभी राही. मी तिला आत बोलावले नाही, तिच्या घरीही गेलो नाही. दोन महिन्यांनी पटावरून तिचे नाव कमी केले. पुढे तिचा भाऊ तिचीच पाटी घेऊन शाळेत आला. गाव म्हणे, "थोरली मोठी गुणाची." पण तो गुण तिने जन्मतः आणला नव्हता. आम्ही तो तिच्यावर लादला होता. माझी ती चूक आजही मनाला लागते.

म्हणून सांगतो. नवे बाळ आले, की रोज थोडा वेळ मोठ्यालाही जवळ घ्या. "तू मोठा, तू दे," हे दर वेळी म्हणू नका. मधल्यालाही नवा सदरा घ्या. धाकट्याला त्याच्या बेताचे काम द्या. आणि बाळ सांभाळायला थोरलीची शाळा सोडवू नका. बाळ अंगणवाडीत जाण्याजोगे झाले, की तिथे पाठवा. घरातल्या मोठ्यांनी पाळी वाटून घ्यावी.

हा धडा वाचणाऱ्यांतही अशा थोरल्या पुष्कळ असतील. ताई, तुमची शाळा सुटली ती नशिबाने नव्हे. ती आम्ही मोठ्यांनी सोडवली. आज तुम्ही पुन्हा पाटी हाती घेतली आहे. आता ती खाली ठेवू नका.