चादर अडते कुठे?

कोल्हापूरला कापडाचा तोटा नाही. तीसेक किलोमीटरवर इचलकरंजी आहे. तिथं विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला आणि त्या खडखडाटावर पुढं अख्खं गाव पोसलं गेलं. शहराच्या दक्षिणेला कळंब्यात मध्यवर्ती कारागृह आहे. राज्यातल्या मोठ्या कारागृहांत विणकाम आणि शिवणकाम हे जुने उद्योग, आणि त्यांचा बराच माल सरकारी खात्यांतच खपतो. कळंब्याच्या कैद्यांनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळले आहेत हे कोल्हापूरकरांना माहीत आहे. २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी मास्कही शिवले. चादर, उशीचा अभ्रा किंवा पेशंटचा गाऊन शिवायला याहून मोठी कारागिरी लागत नाही.

तरीही सरकारी दवाखान्यात दाखल व्हायचं म्हटलं की घरातलं कुणीतरी आधी चादर पिशवीत कोंबतं.

या दोन गोष्टींचा मेळ लावायचा तर कापडापेक्षा त्याच्या फेरीकडं पाहावं लागतं. खाटेवरून निघालेली चादर धुऊन, वाळून, इस्त्री होऊन परत खाटेवर यायला दोन दिवस लागले तर एक हिशेब, पाच दिवस लागले तर दुसरा. म्हणूनच रुग्णालय व्यवस्थापनात खाटेमागं पाच-सहा जोड धरतात: एक अंथरलेला, एक धुलाईत, एक वाटेत, एक वॉर्डच्या कपाटात आणि उरलेले भांडारात. फेरी लांबली की वॉर्डात कुरबुर सुरू होते. मग अनुभवी सिस्टर चार चादरी कपाटात कुलूप लावून ठेवते, कारण रात्री अपघाताची केस आली तर अंथरायचं काय? शेजारच्या वॉर्डातही तेच होतं. सगळ्या कपाटांत मिळून भरपूर माल पडून असतो आणि भांडारातून मात्र नव्या खरेदीची मागणी वर जाते. या सिस्टरला साठेबाज म्हणणं अन्यायाचं आहे. ज्या व्यवस्थेवर भरवसा नाही तिच्यापासून ती आपला पेशंट वाचवत असते.

आकडेही लहान नाहीत. दिवसाला खाटेमागं अडीच ते तीन किलो कपडा मळतो असं धरतात. सहाशे खाटांच्या रुग्णालयात म्हणजे रोज दीड ते १.८ टन. प्रसूती आणि शस्त्रक्रिया जास्त असतील तर काटा आणखी वर. किलोमागं वीस लिटर पाणी धरलं, तर रोज तीस ते छत्तीस हजार लिटर पाणी नुसत्या धुण्याला हवं. कळंब्याचा तलाव ज्या शहराची तहान भागवण्यासाठी बांधला गेला, त्या शहराला हा हिशेब उन्हाळ्यात वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

धुलाईतला बारकावा मात्र बाहेरून दिसत नाही. रक्ताचा डाग लागलेला कपडा आधी थंड पाण्यातूनच काढायचा. एकदम गरम पाणी लागलं तर रक्तातली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात आणि डाग कायमचा राहतो. मग साबण, मग ताप. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा दंडक सांगतो की पाणी ६५ अंशांवर किमान दहा मिनिटं किंवा ७१ अंशांवर किमान तीन मिनिटं राहिलं पाहिजे, आणि पाणी कपड्यांत सगळीकडं नीट मिसळायला लागणारा वेळ त्यावर वेगळा. क्लोरीन जास्त झालं की चादर पांढरीशुभ्र निघते खरी, पण सूत लवकर विरतं. सतत फाटणाऱ्या चादरीचं कारण पुष्कळदा पेशंटच्या कुशीवर वळण्यात नसतं, ब्लीचच्या मापात असतं.

मोठ्या यांत्रिक धुलाई केंद्रात भिंतीत बसवलेलं दोन दारांचं मशीन असतं. मळका गठ्ठा एका खोलीतून आत जातो, धुतलेला दुसऱ्या खोलीत निघतो, आणि दोन्ही दारं एका वेळी उघडतच नाहीत. हे मशीन महाग आहे, पण त्याचा अर्धा फायदा फुकटही मिळू शकतो. मळक्याची ट्रॉली वेगळी, धुतलेल्याची वेगळी, धुतलेल्यावर झाकण, आणि वॉर्डातच ओला-रक्ताळलेला कपडा निराळ्या पिशवीत. पिशवी बांधण्याआधी मामा-मावशींनी एकदा चादर झटकून पाहू नये, हेही त्यातच आलं; झटकण्यानं जंतू हवेत उडतात. आणि तरी सुया सापडतातच. डॉक्टरांच्या घाईत चादरीच्या घडीत राहिलेली सुई धुणाऱ्याच्या हातात घुसते, आणि तो बहुधा कंत्राटी कामगार असतो.

हे सारं आधुनिक खूळ नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ साली स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचली तेव्हा तिथं धुण्याची सोय जवळपास नव्हतीच. तिनं एक घर भाड्यानं घेतलं, पाणी उकळायला बॉयलर बसवले आणि सैनिकांच्या बायकांना धुणं लावून दिलं.

कोल्हापूरच्या बाबतीत एक गोष्ट जादा आहे: पाऊस. जुलैत दोरीवरची चादर दोन दिवस ओलसर राहते, म्हणजे वाळवणयंत्राशिवाय फेरी सुरळीत चालणं कठीण. आणि पंचगंगा चढली की प्रश्न यंत्राच्याही पुढं जातो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणीउपसा केंद्रं बुडाली, नळ कोरडे पडले, महामार्ग बंद झाला. अशा वेळी धुलाईचं कंत्राट शहराबाहेरच्या एकाच केंद्राकडं असेल, तर ते केंद्र कितीही आधुनिक असो, त्याची गाडी पुरापलीकडं उभी राहणार. करारात किलोमागचा दर असतो. पुरासाठी चार दिवसांचा राखीव साठा कुणी ठेवायचा, त्या काळात धुलाई कुठं होणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हेही त्यातच लिहिलेलं असलं पाहिजे. केवळ स्वस्त दर पाहून दिलेलं कंत्राट पावसाळ्यात महाग पडतं.

मोजणीही तशीच दुर्लक्षित. रेल्वेनं आपल्या यांत्रिक धुलाई केंद्रांत चादरीचा पांढरेपणा मोजायला उपकरणं आणली. बिहारमधल्या सरकारी रुग्णालयांत वारानुसार चादरीचा रंग बदलण्याची पद्धत आली. मंगळवारी सोमवारचा रंग दिसला की चादर बदललेली नाही हे पेशंटच्या आईलाही कळतं. दवाखान्याच्या कारभारात इतकी सोपी, इतकी उघडी तपासणी क्वचित सापडते. शिवाय तिला संगणक लागत नाही.

राहता राहिली फाटकी चादर. सरकारी नोंदवहीत ती रीतसर ‘कंडेम’ होईपर्यंत साठ्यात जमाच असते, म्हणून कागदावर सहा जोड आणि खाटेवर एकही धड नाही, असं घडू शकतं. दर तिमाहीला फाटका माल वेगळा काढून शिवणकामाकडं पाठवला, तर मोठ्या चादरीतून लहान मुलांच्या खाटेची चादर, तिच्यातून टेबल पुसायची फडकी निघतात. हे काम कळंब्यासारख्या कारागृहातल्या शिवणयंत्रांना सहज झेपेल. त्यासाठी रुग्णालयाच्या भांडारपालानं नोंदवहीतून माल कमी करण्याची सही वेळेवर मिळवायला हवी.