हडसनचा माल खपला, पेढी मात्र गेली

माल चांगला असला की पेढी टिकते, असे आपण व्यापारी लोक धरून चालतो. जपानच्या हडसन सॉफ्ट या व्हिडिओ गेम कंपनीची हकीकत मात्र निराळी आहे.

उत्तर जपानमधील सप्पोरो शहरात १९७३ साली कुदो बंधूंनी हौशी रेडिओच्या सामानाचे दुकान काढले. भावांना आगगाडीचा शौक. म्हणून वाफेच्या इंजिनाच्या एका प्रकारावरून दुकानाचे नाव हडसन ठेवले. पुढे घरगुती कॉम्प्युटर बाजारात येऊ लागले. काळाची पावले ओळखून भावांनी त्यांवर चालणारे गेम विकायला घेतले.

१९८४ साली खरी बरकत आली. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी गेम करणारी हडसन ही पहिली बाहेरची कंपनी ठरली. 'लोड रनर' हा मूळचा अमेरिकन गेम तिने या यंत्रासाठी तयार केला आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. 'बॉम्बरमॅन' तर तिचा स्वतःचाच माल, तो घरोघरी पोहोचला.

आता हिंमत वाढली. १९८७ साली हडसनने चिप आखल्या, एनईसी कंपनीने यंत्र बनवले आणि पीसी इंजिन बाजारात आले. जपानात त्याने सेगालाही मागे टाकले. पण १९९४ मध्ये काढलेले पुढचे यंत्र, पीसी-एफएक्स, सोनीच्या प्लेस्टेशनसमोर चालले नाही.

तरीही कारखान्यात काम होते. १९९८ साली निन्टेन्डोसाठी केलेला 'मारिओ पार्टी' जोरात चालला. घाव दुसरीकडून बसला होता. हडसनची मुख्य बँक होक्काइदो ताकुशोकू. जमिनीचे भाव चढे असताना या बँकेने भरमसाट कर्जे वाटली होती. भाव कोसळले, कर्जे बुडाली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बँकच बुडाली. जिच्या भरवशावर कारभार चालायचा ती तिजोरीच बंद झाली.

मग भांडवलासाठी बाहेर पाहावे लागले. २००० साली शेअर बाजारात विक्रीला आले. २००१ साली कोनामी ही मोठी गेम कंपनी सर्वांत मोठी भागीदार झाली, २००५ मध्ये निम्म्याहून अधिक शेअर तिच्याकडे गेले आणि २०११ मध्ये सगळेच गेले. १ मार्च २०१२ रोजी हडसन कोनामीत विलीन झाली. सप्पोरोच्या दुकानातून निघालेली पेढी एकोणचाळिसाव्या वर्षी संपली.

बॉम्बरमॅन आजही विकला जातो, पण त्याची कमाई कोनामीच्या वहीत जमा होते. हडसनच्या गेमना गिऱ्हाईक होते. मुख्य भरवसा एकाच दारावर ठेवला, ते दार बंद झाले आणि नवे दार उघडताना मालकी द्यावी लागली. आपली वही उघडून प्रत्येकाने पाहावे, आपली पेढी किती दारांवर उभी आहे?